प्रतिकाराची मुदत

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये रविवारी बऱ्याच घरांतून कढी-भात असतो. ही कढी आपल्या ताकाच्या कढीची कुणी लागत नाही. बेसन तेलात खमंग भाजायचं, चिंचेचा नाहीतर कोकमाचा आंबटपणा द्यायचा आणि त्यात शेवग्याच्या शेंगा, बटाटा, गवार आणि भेंडी सोडायची. सिंधी घरात भेंडीला जो मान आहे तो आपल्याकडे वांग्यालाही नसेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिची कोनशिला बसली. भेंडीचं गिऱ्हाईक आलं ते असं, छावणीच्या बराकींत.

भेंडीचा शत्रू मात्र इथं आधीपासून ठाण मांडून होता. १९२४ मध्ये कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या मोझॅक रोगांची नोंद केली, त्यात भेंडी होती. १९४० मध्ये पुण्याच्या उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी हा रोग विषाणूचा असल्याचं मांडलं. शेतकरी त्याला केवडा म्हणतात, कुठे हळद्या. आधी पानाच्या शिरा पिवळ्याधमक होतात, मधला भाग हिरवा राहतो. मग सगळं पानच पिवळं पडतं. शेंग धरते, पण पांढुरकी, बारकी, राठ. लागण कोवळेपणी झाली तर तोडे मोजायचं कारणच उरत नाही. रोग पसरवते पांढरी माशी.

हा विषाणू जेमिनीव्हायरस कुळातला आहे. दोन वीसमुखी कवचं एकमेकांना चिकटलेली, आत एकपदरी डीएनएची एक कडी, सुमारे २,७०० अक्षरांची. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटी अक्षरं असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या काटकसरीची कमाल कळते. जनुकं मोजून सहा-सात, तीही एकमेकांवर चढलेली, काही एका दिशेनं वाचायची तर काही उलट्या. स्वतःच्या प्रती काढायची यंत्रणा विषाणूकडे नाहीच. वाढ थांबलेल्या पेशीला तो पुन्हा डीएनए बनवायला लावतो आणि त्या गडबडीत आपलं काम उरकून घेतो.

खरी गंमत पुढे आहे. मदुराईच्या कामराज विद्यापीठात जॉयस जोस आणि आर. उषा यांनी २००३ मध्ये दाखवलं की या विषाणूचा डीएनए एकटाच भेंडीत घातला तर पानं नुसती आकसतात. शिरा पिवळ्या करायला त्याला एक सोबती लागतो. हा सोबती म्हणजे साधारण १,३५० अक्षरांचा उपग्रह डीएनए. तो मुख्य विषाणूच्या जिवावर जगतो आणि बदल्यात झाडाचं संरक्षण मोडतो. वनस्पतींना आपल्यासारखी रक्तातली प्रतिपिंडं नसतात. परक्या जनुकाचा आरएनए ओळखून त्याचे एकवीस-चोवीस अक्षरी तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांच्या मदतीनं विषाणूचं तोंड बंद करायचं, ही त्यांची पद्धत. उपग्रहातल्या एकुलत्या एका जनुकाचं प्रथिन नेमकं तिथे घाव घालतं. ही जोडगोळी जुनी असणार. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी इसवी सन ७५२ मध्ये उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या पानांवर कविता केली होती. त्या जातीच्या झाडांवरचा विषाणू आज तपासला तर तोही याच कुळातला निघाला, उपग्रहासकट.

याच्याशी आपल्या पैदासकारांनी कसा सामना केला? दिल्लीच्या पुसा संस्थेत पश्चिम बंगालमधल्या एका वाणाचा पुसा मखमलीशी संकर झाला आणि त्यातून पुसा सावनी आली. बंगालच्या त्या वाणावर विषाणू असूनही लक्षणं दिसत नसत. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी सुरुवातीच्या काळात याच पुसा सावनीचं बियाणं तयार करून विकलं. १९६४ मध्ये त्यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोवर पुसा सावनीचा बहर ओसरून बरीच वर्षं झाली होती. सत्तरच्या दशकापर्यंत तीही पिवळी पडू लागली.

मग परभणी. मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी रानटी नातलगाकडे मोर्चा वळवला. पुसा सावनीचा संकर त्यांनी अॅबलमॉस्कस मॅनिहॉट या भेंडीच्या भावकीतल्या जातीशी केला. सांगायला एक वाक्य, करायला वर्षानुवर्षं. लागवडीच्या भेंडीत गुणसूत्रं साधारण १३०, या नातलगात त्याच्या निम्म्याच्या आसपास. असा हिशेब न जुळणारा संकर अर्धवट वांझ असतो. पिढ्यानपिढ्या पुन्हा भेंडीशी संकर करून रानटीपणा काढायचा, राठ लव काढायची आणि प्रतिकार तेवढा राखायचा. १९८१ मध्ये दोघांनी मांडलं की त्यांच्या संकरांत प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर चालतो. पुसा सावनीच्या वंशावर आधी झालेल्या अभ्यासात उत्तर आलं होतं दोन अप्रभावी जनुकांचं, तर आणखी एका अभ्यासात एकमेकांना पूरक अशा दोन प्रभावी जनुकांचं. ही उत्तरं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. प्रतिकाराचा उगम बदलला की गणितही बदलतं.

या खटाटोपातून आलेली परभणी क्रांती गावोगाव पोचली. तिच्या पानांवरही पुढे केवडा दिसू लागला, आणि आज ‘परभणी क्रांती फेल गेली’ असं सर्रास बोललं जातं. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. तिच्यातलं जनुक होतं तिथेच आहे. बदलला तो समोरचा. आणि बदलायची संधी त्याला आपण दिली. बाराही महिने भेंडी, एका शेतातली निघायच्या आत शेजारच्यात पेरलेली, आणि सगळीकडे एकाच मुळातून आलेला प्रतिकार. कॅम्पातल्या सगळ्या बराकींना एकाच किल्लीचं कुलूप लावण्यासारखं हे झालं.

किल्ली कशी बनते हे कापसात फार स्वच्छ दिसलं. पाकिस्तानात मुलतान भागात पानं वळण्याच्या रोगानं नव्वदच्या दशकात कापूस उद्ध्वस्त केला. विषाणू याच कुळातला, उपग्रहही तसाच. तेव्हा जे प्रतिकारक वाण आणले गेले, त्यांच्या प्रतिकाराचा एक मोठा स्रोत होता एलआरए ५१६६. मूळ कोइमतूरचा हा वाण विदर्भातल्या शेतकऱ्याला नुसत्या ‘एलआरए’ या नावानं ठाऊक आहे. २००१ मध्ये बुरेवाला इथं हे वाणही पडले. तपासात दोन जुन्या विषाणूंच्या तुकड्यांपासून जुळलेला एक नवा विषाणू सापडला आणि त्यातलं एक जनुक बरंचसं गळालेलं होतं. झाड बहुधा ज्या खुणेवरून शत्रू ओळखत होतं, ती खूणच त्यानं टाकून दिली असावी. एकाच झाडात दोन विषाणू शिरले की त्यांच्या डीएनएची सरमिसळ होते, आणि बाराही महिन्यांच्या पिकात अशी झाडं हवी तितकी.

म्हणून प्रतिकारक वाणाला यश-अपयशाचे शिक्के मारण्यापेक्षा त्यानं किती वर्षं मिळवून दिली आणि त्या वर्षांत आपण काय केलं, हे विचारावं. पहिल्याचा हिशेब परभणीच्या बाजूनं चांगला निघतो. दुसऱ्याचा आपल्या बाजूनं नाही. पायरेथ्रॉइड फवारून पांढरी माशी आणखी वाढवली, आणि लागण झालेली रोपं उपटून टाकायचं स्वस्त काम मात्र मजुरी परवडत नाही म्हणून राहिलं.

मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी पावसाळ्यात भात लावतो आणि तो निघाल्यावर त्या खाचरात भेंडी करतो. तिथली भेंडी आखातात आणि युरोपात जाते. त्या भागातही उन्हाळ्यात माशी वाढते, केवडा येतोच. पण चार महिने खाचरात पाणी असतं आणि तेवढा काळ त्या जमिनीत विषाणूला घर नसतं. कोणत्याही बीजसंग्रहात नोंद नसलेला हा प्रतिकार आहे, आणि मला तो जनुकाइतकाच मोलाचा वाटतो. जनुकांचं काम त्यामुळे संपत नाही. सह्याद्रीत भेंडीचे रानटी नातलग आहेत, आणि राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोचं एक केंद्र अकोल्यातच आहे. एकाऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या मुळांचे प्रतिकार एका वाणात आणले तर विषाणूला एकाच वेळी तितके बदल करावे लागतील. १३० गुणसूत्रांच्या पिकात हे किचकट आहे, पण जनुकखुणांमुळे आता पूर्वीइतकं आंधळं राहिलेलं नाही.

तोवर एक साधी मागणी करता येईल. बियाण्याच्या पाकिटावर ‘विषाणू सहनशील’ असं ठळक छापलेलं असतं. हा प्रतिकार कोणत्या मुळातून आला, कोणत्या जिल्ह्यांत तपासला आणि कोणत्या साली, हेही त्याखाली छापावं. औषधाच्या बाटलीवर आपण मुदत वाचतोच. भेंडीच्या शेतकऱ्याला ती वाचायचा हक्क का नसावा?