पायांतील भिंगरी आणि तंबोऱ्याचा षड्ज

मनुष्यस्वभावांतील एक विसंगति आम्हांस बरेच दिवस विचार करावयास लावीत आहे. रोज पहांटे नळाला पाणी येतें, दाराशीं दूध येतें, ठरलेल्या वेळीं ठरलेली लोकल गांठावी लागते आणि संध्याकाळीं त्याच जिन्यानें वर यावें लागतें. या क्रमाला आपण 'रहाटगाडगें' म्हणतों, आणि म्हणतांना त्या शब्दांत पुरेसा तिरस्कार भरलेला असतो. असे चार महिने गेले कीं पाय शिवशिवूं लागतात. वेळापत्रक चाळावें, नकाशा पसरावा, कोठें तरी निघून जावें असें वाटूं लागतें. पण हाच मनुष्य रात्रीं दिवा मालवून आपल्या आवडीचें एखादें गाणें लावतो, आणि तें गाणें त्यानें पूर्वीं शेंकडों वेळां ऐकलेलें असतें. पुढची जागा कोणती, तान कोठें उतरणार, सम कशी येणार, हें सर्व त्याला पाठ असतें. तरी सम आली कीं त्याची मान डोलतेच. रोजच्या जिन्याचा कंटाळा येतो आणि रोजच्या समेचा येत नाहीं, हें कसें? एके ठिकाणीं पुनरावृत्ति ही शिक्षा आणि दुसरे ठिकाणीं तीच मेजवानी, असें कां व्हावें? हा प्रश्न दिसतो तितका हलका नाहीं. तो उलगडूं लागलें कीं आपल्या प्रवासाच्या हांवेची, आणि तिच्याबरोबर आपल्या घरांतील वागणुकीचीहि, परीक्षा होऊं लागते.

कोणी म्हणेल, यांत गूढ तें काय? गाणें सुंदर असतें आणि जिना सुंदर नसतो. परंतु हें उत्तर पुरें पडत नाहीं. ज्या हिमशिखरापुढें पहिल्या दिवशीं आपण स्तब्ध झालेले असतों, तेंच तिसऱ्या दिवशीं खिडकींतून दिसलें म्हणजे आपण चहा थंड झाल्याची तक्रार करूं लागतों. म्हणजे सौंदर्य समोर असूनहि कंटाळा येतो. उलट, सुंदर म्हणतां येणार नाहीं अशी एखादी अंगाईहि आयुष्यभर पुरते. तेव्हां भेद वस्तूंत जितका आहे तितकाच आपल्या कानांत आणि डोळ्यांत आहे.

हा भेद समजून घेण्यास मैफिलींतील तंबोऱ्यासारखें साधन नाहीं. त्याच्या चार तारा असतात: एक पंचमाची, दोन जोडाच्या आणि एक खर्जाची, रागांत पंचम वर्ज्य असला तर पहिली तार बहुधा मध्यमांत लावितात. घोडीवर तारेखालीं दोरा नेमका बसला म्हणजे जवारी खुलते, आणि मग त्या चार तारा तासन्‌तास त्याच क्रमानें छेडल्या जातात. त्यांच्यांत नवीन असें कांहींहि घडत नाहीं. तरीहि गवयाचें सारें हिंडणें त्यांच्यामुळेंच अर्थपूर्ण होतें. तो मंद्रांत उतरतो, तार सप्तकांत चढतो, आडवाटेनें जातो. पण प्रत्येक स्वर षड्जापासून किती दूर आहे, हें ऐकणाराचा कान सारखा जाणत असतो. षड्ज नसेल तर दुसऱ्या कोणत्याहि स्वराला नांवच देतां येणार नाहीं. गांधार हा षड्जामुळें गांधार आणि निषाद हा षड्जामुळें निषाद.

यावरून एक गोष्ट उघड होते. अस्वस्थता हा स्वतः दोष नव्हे. नुसत्या षड्जावर बसून राहिलेला गवई कोणी ऐकत नाहीं. दोष असेल तर तो षड्ज कानांत न ठेवतां निघण्यांत आहे. जो मनुष्य केवळ घराला विटून निघतो आणि ठिकाणांमागून ठिकाणें मोजीत जातो, त्याला दहावें ठिकाणहि पहिल्यासारखेंच लागतें. कारण अंतर मोजण्यास लागणारा मूळ स्वरच त्याच्यापाशीं नसतो. आज तर त्या त्या स्थळाचीं चित्रें घरून निघण्यापूर्वींच मोबाइलवर पाहून झालेलीं असतात. मग तेथें पोंचून आपण पाहत नाहीं, नुसता ताळा जुळवितों.

याच्या उलट बाजूचें उदाहरण संगीताच्या इतिहासांतच आहे. धारवाडकडील गदगचा एक मुलगा 1933 सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, घर सोडून निघाला. अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील एक ठुमरी त्यानें ध्वनिमुद्रिकेवर ऐकली होती. त्या काळच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावत असे. पण तेवढ्यानें त्या मुलाचें चित्त घरांत ठरेना. असें गावयास शिकविणारा गुरु पाहिजे, म्हणून तो ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, जालंदर असा हिंडला. जालंदरास पंडित विनायकराव पटवर्धनांनीं त्याला कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे जाण्याचा सल्ला दिला. कुंदगोळ हें त्याच्याच मुलुखांतलें गांव, आणि सवाई गंधर्व हे त्याच खांसाहेबांचे शिष्य! हा मुलगा म्हणजे पुढें 2008 सालीं ज्यांना भारतरत्न जाहीर झालें, ते पंडित भीमसेन जोशी.

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें कोणी यावर म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. तो वळसा घातल्यावांचून काखेंतला कळसा हा कळसा आहे, हें त्या मुलाला कळलें असतें कीं नाहीं, याचा आम्हांस संशय आहे. आणि विशेष हें कीं, पाय चहूंकडे हिंडत असतां त्याचा कान मात्र एकाच स्वरावर ठरलेला होता. खुद्द खांसाहेबांचें आयुष्यहि असेंच गेलें. जन्म उत्तरेंत कैराना येथें. बडोदें, पुणें, म्हैसूर असा वावर. वस्ती अखेर मिरजेस. आणि 1937 सालीं पाँडिचेरीकडे जात असतां सिंगपेरुमाळ कोविल नांवाच्या लहानशा स्टेशनावर देहान्त. त्यांची कबर मिरजेस आहे. इतका फिरलेला हा गवई ज्यानें ऐकला आहे, त्याला आठवते ती मात्र त्याच्या षड्जाची निश्चलता.

येथवर विचार सोपा होता. आतां जरा अवघड भागाकडे वळूं.

वरील दृष्टान्ताचा उपयोग करून कोणी लगेच उपदेश करील कीं, मग घरींच रहा, कान तयार करा, रोजच्या जिन्यांतच झिंझोटी ऐका. असा उपदेश आम्हांस स्वस्त वाटतो. कोनिग्सबर्ग शहरापासून फार दूर कधींहि न गेलेला तत्त्वज्ञ कांट वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांना भूगोल शिकवीत असे, ही गोष्ट अशा उपदेशकांना फार प्रिय आहे. पण त्याच्या त्या प्रसिद्ध नियमित दिनक्रमामागें लांप नांवाचा एक नोकर अनेक दशकें राबत होता, हें सांगण्यास ते विसरतात. म्हणजे जो जातो त्याचें जाणें आणि जो स्वेच्छेनें राहतो त्याचें राहणें, हीं दोन्हीं तिसऱ्याच कोणाच्या तरी तंबोऱ्यावर चाललेलीं असतात. तो तिसरा गवयाच्या मागें बसतो, त्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेंत असेलच असें नाहीं, आणि तो क्षणभर थांबला तर मैफल उघडी पडते.

आमच्या समाजांत हा तंबोरा बहुतेक बायकांच्या हातीं राहिलेला आहे. विष्णुभट गोडशांचें उदाहरण घ्या. वरसईहून ते 1857 सालीं, घरावरचें कर्ज फिटावें म्हणून उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें, आणि शेवटीं गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. 1907 सालीं छापलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपण अजून आवडीनें वाचतों. पण त्याच काळांत वरसईच्या घरीं ज्यांनीं दिवस मोजले, चूल विझूं दिली नाहीं आणि सावकाराला तोंड दिलें, त्यांच्या मुक्कामाचें वर्णन कोणी लिहिलें नाहीं. प्रवासाचें वाङ्मय होतें, मुक्कामाचें होत नाहीं.

होत नाहीं असें म्हणणेंहि पुरतें खरें नव्हे. तें झालें, पण कागदावर नव्हे. तें जात्यावर झालें. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं 1980 नंतर सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. या ओव्या म्हणणाऱ्या कित्येकींचें सारें जग सासर आणि माहेर या दोन गांवांत आटोपलेलें होतें. पण त्यांच्या ओव्या सारख्या पंढरीच्या वाटेनें जातात, चंद्रभागेंत उतरतात, माहेरच्या शिवेपर्यंत पोंचतात. हात खुंट्याशीं आणि मन वाटेवर. ज्यांना जातां आलें नाहीं, त्यांनीं आपल्या आवडत्या गाण्याचाच रस्ता केला.

मात्र येथें एक पथ्य पाळलें पाहिजे. ओवी गोड होती म्हणून जातें हलकें नव्हतें. त्या बायकांच्या गाण्याचें कौतुक करून त्यांच्या न निघण्याचें समर्थन करणें, हा रसिकतेच्या वेषांतला अन्याय होय. घरांत राहण्याचा जो गौरव आपण करितों, तो राहणाऱ्यानें निवडलेला असला तरच त्याला नीतीच्या दृष्टीनें किंमत आहे. दुसऱ्यावर लादलेल्या संतोषाला संतोष म्हणतां येत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां पंढरीची वारी ही आम्हांस फार शहाणपणाची योजना वाटते. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर. वाट तीच, मुक्काम ठरलेले, अभंग तेच, टाळमृदंग तोच. नावीन्य म्हणून कांहीं शोधूं गेलें तर या प्रवासांत फारसें सांपडणार नाहीं, आणि तरी वारकरी पुढच्या आषाढीची वाट पाहतो. जाण्याची ओढ आणि पुनरावृत्तीचा आनंद यांची येथें सांगड पडली आहे. आणि जिच्या ओव्या वर्षभर जात्यापाशीं फिरत होत्या, ती डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन या वाटेवर स्वतःच्या पायांनीं चालतांना दिसते. तंबोरा खालीं ठेवून ती स्वतः गावयास निघालेली असते.

मैफिलींत चांगला गुरु मधूनच मागें मान वळवितो, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला खूण करितो, आणि तो शिष्य चार आलाप भरून घेतो. तेवढ्यानें गुरूचें गाणें उणें होत नाहीं. संसारांत मात्र ही खूण फार क्वचित केली जाते. प्रवासास निघणारा बहुधा 'माझ्या मागें घर कोण पाहील' एवढेंच विचारतो. 'माझ्यानंतर कोण निघेल, आणि तेव्हां घर मी पाहीन काय' हें विचारीत नाहीं. आमच्या मतें प्रवासाच्या ओढीची नैतिक कसोटी याच दुसऱ्या प्रश्नांत आहे. जो हा प्रश्न विचारूं शकतो, त्यानें खुशाल जावें. त्याच्या पायांतील भिंगरीला कोणी नांवें ठेवूं नयेत. आणि ज्याला तो सुचत नाहीं, त्यानें कितीहि मुलूख पालथा घातला तरी त्याला मागें चाललेला स्वर ऐकूं आलेला नाहीं, असेंच म्हणावें लागेल. गोडशांनीं आणलेली कावड आईवडिलांच्या स्नानाच्या उपयोगीं पडली. मागें राहिलेल्यांसाठीं कावड आणणें हें चांगलेंच. पण त्यांना गंगेवर जाऊं देणें, हें त्याहून चांगलें.