यजमान कोण?

निवृत्तीला 2 वर्षं उरली होती तेव्हा मला महाविद्यालयाच्या सॉफ्टवेअर खरेदी समितीत घातलं. संस्कृतच्या मास्तराचं तिथे काय काम, असं मी विचारलं. प्राचार्य म्हणाले, "सर, कोरम भरायला हवा."

कंपनीचा मुलगा पडद्यावर एकेक सोय दाखवत होता : हजेरी, फी, निकाल, पालकांना मेसेज. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या 7 निकषांपैकी चौथ्यात तेव्हा संगणक आणि विद्यार्थी यांचं गुणोत्तर द्यावं लागायचं, त्यामुळे सगळे माना डोलावत होते. माझ्या डोक्यात सकाळच्या तासाचा 'अर्थसंग्रह' घोळत होता. लौगाक्षी भास्कराचं हे पुस्तक लहानसं, पण मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र, शिकणाऱ्याला दारातच अडवतं. स्वर्गाची इच्छा असेल त्याने याग करावा, असा विधी आहे. त्यावर मीमांसक 3 प्रश्न लावतो : काय साधायचं, कशाने, आणि कसं? क्रियापदात याग आहे म्हणून यागच साध्य वाटतो. तसं नाही. कष्टाचा, खर्चाचा याग कोणाला मुद्दाम हवा असेल? साध्य स्वर्ग, याग साधन, प्रयाज नावाच्या आधीच्या आहुतींसारखी अंगं हे 'कसं'चं उत्तर.

आमच्या परिपत्रकातही क्रियापद होतंच : संगणकीकरण करावे. स्वर्गाचा पत्ता नव्हता. "नॅकचा ए प्लस," शेजारचे भौतिकशास्त्रवाले पुटपुटले.

हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र बसलं. पहिला तास 7.30 चा; 7.40 नंतर अंगठा टेकला की गैरहजर. ऊसतोडीहून आलेल्या एका मुलाचा झिजलेला अंगठा तर यंत्राला ओळखूच येईना. दिवाळीआधी 75 टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी फळ्यावर लागली, आणि आम्ही मुलांच्या बेशिस्तीवर भरपूर बोललो. मीही बोललो.

हेडक्लार्कने मात्र तीच यादी हजेरी क्रमांकाऐवजी गावाच्या नावाने लावून पाहिली. उशिराची बहुतेक मुलं एकाच रस्त्यावरच्या गावांतली निघाली. त्यांची एसटी स्टँडवर पोचायची 7.50 ला. ही माहिती यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. आम्ही त्याला 'कोण उशिरा येतं' एवढंच विचारलं होतं.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा : हे कर्म कोणी करायचं, फळ कोणाचं? मंत्र म्हणतात, आहुती देतात ऋत्विज, म्हणजे पुरोहित. फळ जातं याग करवणाऱ्या यजमानाकडे. ऋत्विजांना दक्षिणा मिळते, आणि त्यात कमीपणा काही नाही. आम्ही प्राध्यापक, प्राचार्य, कंपनीवाले सगळे ऋत्विज. फक्त त्या बैठकीत आम्ही यजमानाच्या पाटावर बसलो होतो आणि यजमान एसटीत उभा होता.

पहिला तास 8.10 वर नेला. सॉफ्टवेअरमधली वेळ बदलण्याचं कंपनीने वेगळं बिल पाठवलं. समितीचा सदस्य म्हणून मी त्यावर सही केली. दक्षिणाच ती.