दिसण्याआधीचं पाहणं

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर तिने आधी कपाट उघडलं. एक साडी काढली, खिडकीशी नेली, पदर उजेडात धरला आणि म्हणाली, “अरे, ही काळी नाहीच. निळी आहे.” ती साडी ती कित्येक वर्षं काळी समजून नेसत होती. मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यातला नेत्रमणी पिवळसर होतो आणि निळा प्रकाश अडवतो. गडद निळा मग काळ्यात जमा होतो. नवं भिंग बसलं आणि निळा परत आला. तिला काही शिकवावं लागलं नाही. पदर, काठ, खिडकी, माझा चेहरा, सगळं होतं तिथेच सापडलं.

मोतीबिंदू जन्मापासूनच असता आणि तो बारा-पंधराव्या वर्षी निघाला असता तर काय दिसलं असतं? हा प्रश्न जुना आहे. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली तो तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारला. मॉलिन्यूंच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती, तेव्हा त्यांच्यासाठी हा निव्वळ बुद्धीचा खेळ नसावा. जन्मांध माणसाला हाताच्या स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, केवळ बघून तो सांगू शकेल का, यातला घन कोणता आणि गोल कोणता? नाही सांगू शकणार, असं मॉलिन्यूंना वाटत होतं. लॉकनाही तसंच वाटलं आणि १६९४ च्या आवृत्तीत त्यांनी हा प्रश्न आपल्या ग्रंथात घेतला.

उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षं जावी लागली, आणि ते मिळालं आपल्या देशात. अमेरिकेतल्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हे काम उभं केलं. उत्तर भारतातल्या खेड्यापाड्यांतून जन्मजात मोतीबिंदू असलेली, कधीच उपचार न मिळालेली मुलं शोधायची, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची आणि नंतर त्यांची नजर कशी घडत जाते ते पाहायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वयाची पाच मुलं होती. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांच्या आत त्यांच्यासमोर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार ठेवले. एक आकार नजरेने पाहून तसाच दुसरा नजरेनेच शोधणं त्यांना जमलं. हाताने चाचपलेला आकार हातानेच शोधणंही जमलं. पण हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखायची वेळ आली तेव्हा त्यांची उत्तरं जवळजवळ अंदाजपंचे होती. मॉलिन्यूंचा तर्क बरोबर ठरला. काही मुलांची थोड्याच दिवसांनी पुन्हा चाचणी झाली तेव्हा मात्र ती चांगल्यापैकी ओळखू लागली होती. हात आणि डोळा यांची ओळख जन्मतः झालेली नसते, पण संधी मिळाली की ती फार पटकन होते.

मराठीत आपण ‘मला दिसतं’ म्हणतो आणि ‘मी पाहतो’ म्हणतो. भूक लागते, थंडी वाजते, तसं दिसतं. त्यात मी काही करत नाही. पाहणं मात्र माझं काम. भाषेने केलेला हा भेद मला फार आवडतो, आणि तरीही या मुलांच्या अनुभवापुढे तो टिकत नाही असं माझं मत आहे. जे आपोआप दिसतं असं आपण समजतो, त्यामागे कधीकाळी केलेलं पाहणं असतं. तान्हेपणी, आठवणी साठायला लागण्याआधी, आपण सगळे ते करून बसलेलो असतो, म्हणून त्याचे कष्ट आठवत नाहीत.

याच प्रकल्पात २९ वर्षांचा एक तरुण होता. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून नेत्रमणीच नव्हते आणि चष्मा मिळाला तो त्या वयात. एकावर एक आलेल्या दोन आकृत्या दाखवल्या की त्याला त्यांचे तीन तुकडे दिसत. घनाची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीतली असली, तर त्या त्याच्या लेखी वेगवेगळ्या वस्तू होत्या. रंग कमीजास्त झाला की वस्तू संपली. मग त्या आकृत्या हलवून दाखवल्या. जे एकत्र हललं ते त्याने एकत्र जोडलं आणि वस्तू सुटी झाली. हे वाचल्यापासून पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. ते हलतं म्हणूनच बाळाला त्यात एक वस्तू सापडत असेल.

ब्रिटनमधल्या सिडनी ब्रॅडफर्ड यांची हकिकत मनाला लागते. दहा महिन्यांचे असताना त्यांची नजर गेली आणि बावन्नाव्या वर्षी, १९५८-५९ च्या हिवाळ्यात, पारपटल बसवून ती परत आली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी त्यांना लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये घेऊन गेले. हत्यारांची आवड असलेल्या या माणसाला लेथ पाहण्याची आयुष्यभर इच्छा होती. लेथ समोर होती, पण त्यांना तिचं काही उमगेना. काचेची पेटी उघडून दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, यंत्रावरून नीट हात फिरवला, मागे सरकले, डोळे उघडले आणि म्हणाले की आता हात लावून झाला, आता दिसतंय. पण दृष्टी त्यांना सुखाची झाली नाही. आंधळेपणी निर्भयपणे रस्ता ओलांडणारा हा माणूस दिसायला लागल्यावर रहदारीला घाबरू लागला, खिन्न झाला आणि १९६० साली वारला.

डोळ्याची रचना पाहिली की पाहणं शिकावं लागतं यात नवल वाटत नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचं दृश्य बरंच धूसर असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हे लख्ख टिकलीएवढं क्षेत्र इकडून तिकडे फिरवतो आणि मेंदू त्यातून अखंड जग शिवतो. खऱ्या टिकल्या घेऊनच हे करून बघा. कोऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतराने दोन टिकल्या लावा. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने डावीकडच्या टिकलीवर नजर खिळवा आणि साधारण फूटभर अंतरावर कागद हळूहळू मागेपुढे करा. एका जागी उजवीकडची टिकली नाहीशी होते. डोळ्याची नस पडद्यातून जिथे बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नसते. एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ही जागा दाखवून दिली. पण त्या जागी भोक दिसत नाही. कोरा कागद दिसतो. रेघांचा कागद असेल तर रेघाही सलग दिसतात.

मग दिसणं म्हणजे सगळं शिकलेलंच, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मी काढणार नाही, कारण याच मुलांनी तो खोटा पाडला आहे. आगगाडीच्या रुळांसारख्या दूर जाताना जवळ येणाऱ्या दोन रेघा काढा आणि त्यांच्यामध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा, एक वर, एक खाली. वरची लांब वाटते. रस्ते आणि रूळ बघून बघून आपल्याला ही सवय लागते, असं समजलं जाई. २०१५ च्या एका अभ्यासात नुकतीच दृष्टी आलेल्या नऊ मुलांना हे चित्र दाखवलं. रस्त्याचं दूर निमुळतं होणं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांचीही आपल्यासारखीच फसगत झाली. काही गोष्टी मेंदू घेऊनच येतो. कोणत्या घेऊन येतो आणि कोणत्या कमावतो, हे एकेक करून तपासावं लागतं.

आपल्या दर्शनांमध्ये निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा भेद आहे. पहिल्यात वस्तूशी इंद्रियाचा संबंध येतो, पण नाव, जात, गुण यांची जोड अजून लागलेली नसते. दुसऱ्यात ‘ही गाय, पांढरी’ असं ज्ञान होतं. दिङ्नागासारखे बौद्ध आचार्य पहिल्यालाच खरं प्रत्यक्ष मानत. कॉलेजात हा वाद मला कोरडा वाटला होता. पट्टी निघालेल्या मुलापुढचे रंगांचे तुकडे हे निर्विकल्पकाच्या किती जवळ असतील, हा विचार मनात आला तेव्हा तो जिवंत झाला. आणि मी सविकल्पकालाही प्रत्यक्ष मानणाऱ्या नैयायिकांच्या बाजूचा झालो. जोड लागल्याशिवाय माणसाला पाऊल टाकता येत नाही.

ही जोड लागायला वेळेची मर्यादा असते. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरावर असा परिणाम झाला नाही. १९८१ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं, त्यात हेही होतं. यावरून मोठ्या मुलांचं ऑपरेशन करून फायदा नाही, असा समज रुजला आणि अनेक मुलं अंधारात राहिली. तो समज चुकीचा होता. बाराव्या वर्षी ऑपरेशन झालेली एक भारतीय स्त्री वीस वर्षांनी संशोधकांना भेटली. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं ते तिला सहा मीटरवरून दिसत होतं, तरी ती वस्तू आणि चेहरे बऱ्यापैकी ओळखत होती. उशिरा मिळालेली दृष्टीही दृष्टीच. पण धार गेलेली असते, आणि ती पुढे कोणत्याही चष्म्याने येत नाही.

म्हणून आईबापांना आणि आजीआजोबांना विनंती. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, फोटोत एकच बाहुली पांढरी आली, मूल दोन-तीन महिन्यांचं होऊनही तुमच्या चेहऱ्याकडे बघत नसेल किंवा डोळा सारखा तिरका जात असेल, तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका. जन्मजात मोतीबिंदूत पहिले काही आठवडेच मोलाचे असतात. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते आणि जन्मजात मोतीबिंदू त्यात धरलेला आहे. आपल्या अंगणवाडीत पथक कधी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. बाळ तान्हं असेल तर पथकाची वाटही बघू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.