ठरलेली वेळ, ठरलेले कान

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्यांचा मोठा संग्रह आज आपल्या हाताशी आहे. हेमा रायरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. गाणाऱ्यांतल्या बहुतेक जणी शेतात राबणाऱ्या, शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या किंवा मुळीच न चढलेल्या. त्यांना कुणी कवयित्री म्हटलं नाही, त्यांनीही स्वतःला तसं म्हणवून घेतलं नाही. तरी माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीतेचा वनवास इथपासून थेट बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत त्यांच्या ओव्या पोचल्या. हा संग्रह चाळताना माझ्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. एवढी प्रतिभा आली कुठून? आणि पुढं ती गेली कुठं?

उत्तरासाठी जात्यापाशीच जायला हवं. पहाटे, घर जागं व्हायच्या आधी, दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी. खुंट्यावर दोघींचे हात. एकीचा मोकळा हात सुपातलं धान्य मुठीमुठीनं जात्याच्या तोंडात घालायचा, म्हणजे वैरण घालायचा. दगडाची घरघर एका लयीत चाललेली. त्या लयीवर एक जण ओवी धरायची, दुसरी तिच्या मागून म्हणायची, आणि तेवढ्या अवधीत पहिलीला पुढची सुचायची. कधी समोरचीच आपली ओवी त्याला जोडायची. दिवसभर जे बोलायची सोय नव्हती, ते इथं बोललं जायचं आणि ऐकणारी हातभर अंतरावर असायची.

इथं सुचण्याची वाट पाहायला सवडच नव्हती. पीठ रोज लागायचं, म्हणून दळण रोज होतं. दळण रोज होतं, म्हणून गाणं रोज होतं. मन लागो न लागो, जात्यावर बसावंच लागे. कालची ओवी आज थोडी बदलून यायची, आईकडून ऐकलेली मुलीच्या तोंडी नवा शब्द घेऊन यायची. वेळ ठरलेली होती आणि ऐकणारे कानही ठरलेले होते. या दोन गोष्टींच्या आधारानं लाखो ओव्या उभ्या राहिल्या.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. तिनं बायकांच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरवलं. ते कष्ट परत यावेत असं त्या कष्टांतून गेलेली एकही बाई म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गाण्यावर कुणी बंदी घातली नसताना गाणं थांबलं, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. बायकांची बुद्धी आटली नव्हती, दुःख संपलं नव्हतं, भाषाही तीच होती. गेली ती ठरलेली वेळ आणि समोर बसणारी सोबतीण. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

माझं म्हणणं या अनुभवावर उभं आहे. सर्जनशीलता टिकते ती प्रसंगांच्या आधारानं, आणि असे प्रसंग पूर्वी कामाच्या रहाटीतून आपोआप मिळत. आता ते आपल्यालाच जाणीवपूर्वक उभे करावे लागतील.

संगीताच्या क्षेत्रात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पहाटेचा खर्ज, तेच ते पलटे, तोच राग महिनोन्‌महिने. याला रियाज म्हणतात आणि मोठ्यातला मोठा कलावंतही तो अभिमानानं सांगतो. गाणाऱ्याला आपण विचारतो, ‘रियाजाला बसता ना?’ लिहिणाऱ्याला मात्र विचारतो, ‘काही सुचलं का?’ या दोन प्रश्नांमुळे दोन वेगळी आयुष्यं घडतात. पहिल्याचं उत्तर माणसाच्या हातात असतं. दुसऱ्याचं नसतं, म्हणून तो वाट पाहत बसतो आणि एक दिवस ‘आपल्यात ते नव्हतंच’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. कितीतरी चांगल्या चित्रकारांच्या वह्या आणि कितीतरी नाटकांचे पहिले अंक असेच माळ्यावर गेले असतील.

रोज बसण्यानं नेमकं काय होतं? एक तर बसायचं की नाही हा रोजचा वाद मिटतो आणि त्यात जाणारी शक्ती वाचते. दुसरं, सुमार लिहिण्याची मुभा मिळते. महिन्यातून एकदाच लिहायला बसणाऱ्याला तो एक दिवस वाया घालवणं परवडत नाही, म्हणून तो जपून, घाबरून लिहितो. रोज बसणारा आजचं फसलेलं पान उद्यावर सोडून उठू शकतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सकाळचा अर्धा तास ठरलेला असला की उरलेला दिवसही त्याच्या कामाला लागतो. बसथांब्यावरचं बोलणं, भाजीवालीच्या हाताची लगबग, दवाखान्याबाहेर ताटकळणारा म्हातारा, सगळं जरा जास्त स्पष्ट दिसायला लागतं, कारण उद्या सकाळी ते मांडायला जागा आहे हे मनाला माहीत असतं.

अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा भागातल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात वर्षानुवर्षं जाऊन बसत. गुरुवारी दुपारी तिथं त्यांचे मित्र जमत. खिडकीतून समोरचा रस्ता आणि रहदारीच्या मधलं तिकोनी बेट दिसे. त्याच जागेवरची माणसं, इडली विकणारी बाई, कचरा वेचणाऱ्या बायका, रस्त्यावरची कुत्री, पुढं ‘काळा घोडा पोएम्स’ या 2004 साली आलेल्या संग्रहात उतरली. त्या रस्त्यावरून रोज हजारो माणसं जात होती. कोलटकरांची नजर असामान्य होतीच, पण ती नजर एकाच जागी पुन्हा पुन्हा परत येत होती, हेही तितकंच खरं. एकदा पाहून कचरा दिसतो. कचऱ्यातलं जग दिसायला अनेकदा पाहावं लागतं.

ठरलेल्या वेळेबद्दल एवढं. आता ठरलेल्या कानांकडे, म्हणजे एकमेकांचं ऐकणाऱ्यांच्या मंडळाकडे येतो. 1923 साली पुण्यात काही तरुण कवींनी रविकिरण मंडळ स्थापन केलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे ही त्यांतली मंडळी. रविवारी चहाला जमायचं, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यांवर बोलायचं. त्यातून एकत्रित संग्रह निघाले, काव्यगायनाचे जाहीर कार्यक्रम झाले आणि कविता छापील पानावरून उठून श्रोत्यांपर्यंत गेली. एकेकट्यानं हे कुणाला जमलं असतं असं वाटत नाही. पण याच मंडळाच्या इतिहासात एक इशाराही आहे. एकत्र बसणाऱ्यांची भाषा हळूहळू एकसारखी होते, तेच शब्द आणि त्याच लकबी सगळ्यांच्या कवितेत फिरू लागतात, आणि आतल्यांना ते ऐकू येत नाही. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधल्या विडंबनांतून त्या लकबींवर बाहेरून नेमकं बोट ठेवलं. मंडळ हवंच, पण त्याची खिडकी उघडी हवी.

आमच्या गावात आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी जमतो. कुणी लिहितं, कुणी चित्र काढतं, एक जण जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि त्यांच्या रंगसंगतीबद्दल बोलते. रीत साधी आहे. जे आणलं असेल ते दोनदा वाचायचं किंवा सगळ्यांसमोर मांडून ठेवायचं. करणाऱ्यानं तोवर गप्प राहायचं. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्या मनात काय राहिलं ते सांगायचं, मग लक्ष कुठं सुटलं ते. ‘छान’ एवढंच म्हणायचं नाही, आणि ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हेही म्हणायचं नाही.

एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरावर चार पानं वाचली. त्यात शिस्त, सोवळं, सणवार सगळं व्यवस्थित होतं. वाचून झाल्यावर कोपऱ्यात बसलेला कॉलेजातला मुलगा म्हणाला, ‘काकू, दुसऱ्या पानावर ती एका बाजूनं फाटलेली पितळी चाळणी आहे ना, ती पुढं कुठं गेली?’ काकू थांबल्या. ती चाळणी टाकून देण्यावरून घरात एकदा मोठं भांडण झालं होतं, आणि त्या भांडणातच सासूबाईंनी त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात काकूंनी आणलं ते फक्त चाळणीवरचं दीड पान. त्या दीड पानात सासूबाई जिवंत होत्या. चार पानांत कुठं जीव आहे हे काकूंना एकट्यानं कळत नव्हतं, कारण त्यांना सगळंच जवळचं होतं. त्या मुलालाही लिहिण्यातलं फार काही कळत होतं असं नाही. त्यानं लक्ष देऊन ऐकलं होतं, एवढंच. मंडळाकडून याहून अधिक काही मागू नये आणि याहून कमी काही स्वीकारू नये.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे, आणि तो बायकांसाठी दुप्पट खरा आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाची सकाळ सगळे राखतात, बाईची सकाळ सगळ्यांची असते. म्हणूनच मंडळाचा वार ठरलेला असण्याला महत्त्व आहे. ‘मला जरा लिहायचंय’ हे घरात सांगणं अनेक जणींना जड जातं. ‘शनिवारी मंडळ आहे, तोवर मला हे पुरं करायचंय’ हे सांगता येतं. चार माणसं वाट पाहत आहेत म्हटलं की स्वतःसाठी मागितलेला वेळही रास्त ठरतो.

वाट पाहणाऱ्यांचं हे बळ मराठी साहित्याला नवं नाही. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी लेखकांकडे संपादकांची मागणी जाते, तारीख जाते, आठवण जाते. त्या आठवणीपोटी कथा पूर्ण झाल्या, कवितांचे कच्चे खर्डे पक्के झाले. दिवाळी अंकांनी मराठी लेखकाला व्यासपीठ दिलं असं आपण म्हणतो. त्यांनी त्याला तारीख दिली, हे त्याहून मोठं काम आहे असं मला वाटतं.

म्हणून वाचकांना माझी विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांच्या मनात काही करायचं आहे त्यांनी दिवसातला एक लहान वेळ ठरवावा, पेलेल एवढाच, आणि तो मोडला तर दुसऱ्या दिवशी विनातक्रार पुन्हा बसावं. चार-पाच माणसं गाठावीत, शक्यतो वेगवेगळ्या वयांची आणि वेगवेगळ्या कामांतली, आणि एक वार पक्का करावा. ज्यांना स्वतः काही लिहायचं, रंगवायचं नाही, त्यांचं काम याहून कमी मोलाचं नाही. त्यांनी घरातल्या, शेजारच्या, कचेरीतल्या एका माणसाला विचारावं, ‘पुढचं कधी ऐकवतेस?’ आणि ऐकायला खरोखर बसावं. कुणाला किती प्रतिभा मिळावी हे आपल्या हातात नाही. पण मिळालेली प्रतिभा ऐकणारं कुणी नाही म्हणून विझू न देणं, हे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.