आडनावापाशी न थांबणारी वंशावळ

धंतोलीतल्या वकिलांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या सलग वाचत गेले, तर नागपुरात कोण, केव्हा आणि कशासाठी आले याचा ढोबळ अंदाज येतो. देशमुख-देशपांडे ही परगण्याची वतने. चिटणवीस हा दरबारी पत्रव्यवहाराचा हुद्दा. येरावार, मुनगंटीवार यांतला ‘वार’ तेलुगू मुलखाशी असलेले जुने नाते सांगतो. बोस-मुखर्जी कोर्टकचेऱ्या आणि रेल्वेच्या काळातले.

या खुणा खऱ्याच आहेत, पण त्यांनाच मूळ समजले की शोध चुकतो. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, दरबार मोडला, तरी हुद्द्याचे नाव कुटुंबाला चिकटून राहिले. देशमुख तर ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत आणि वऱ्हाडातल्या मुसलमानांतही आहेत. शेजारच्या दोन देशमुखांना जोडते ते वतनाचे नाव; रक्ताचे नाते असेलच असे नाही. शिवाय पाच पिढ्या मागे गेले की त्या एका पिढीत 32 पूर्वज येतात. आडनाव पोचते त्यांतल्या एकापर्यंत.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून छापले गेलेले कुलवृत्तांत याच एका धाग्यावर उभे आहेत. मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा हे सगळे त्यांत निष्ठेने नोंदलेले असते. त्यामागचे कष्ट मला आदरणीय वाटतात. पण लग्न झालेली लेक तिथे संपते, आणि सून येते ती बहुधा सासरच्या नावानेच.

याच शहरात दुसरीही वंशावळ लिहिली जाते, तीही निकडीने. जात पडताळणीसाठी विद्यार्थ्याला वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि ती कागदांनी सिद्ध करावी लागते. अनुसूचित जातींसाठी 1950 च्या, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 च्या, इतर मागासवर्गीयांसाठी 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. मग कोतवाल बुकाची नक्कल, पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज, बंदोबस्ताचे जुने कागद यांचा शोध सुरू होतो. त्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसते. असते ते अमुक वल्द तमुक, गाव आणि जात. आडनाव धरून शोधणाऱ्याच्या हाती तिथे काही लागत नाही. बापाचे नाव आणि गाव धरूनच एकेक पिढी मागे जावे लागते.

माझ्या मते ही वंशावळ दिवाणखान्यातल्या कुलवृत्तांताहून अधिक विश्वसनीय आहे, कारण तिच्यातला प्रत्येक दुवा कोणीतरी तपासलेला असतो. अन्याय हा की एकाला वंशावळ हौसेने लिहिता येते, दुसऱ्याला ती हक्कासाठी सिद्ध करावी लागते. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज अचानक साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. हे जुने मोडी दप्तर प्रमाणपत्रापुरते उघडून पुन्हा बांधून ठेवू नये. त्याच्या प्रतिमा आणि सूची कोणालाही पाहता आल्या पाहिजेत.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव आणले. पुढच्या संशोधकाला त्याने दुसरा धागा मिळेल, पण लगेच तुटेल, कारण तिच्या माहेरचे आडनाव त्या नावात नाही. म्हणून घरी वंशावळ मांडणाऱ्याने प्रत्येक सुनेचे माहेर, गाव आणि तिच्या आईचे नाव, सांगणाऱ्या आज्या हयात आहेत तोवर, विचारून लिहून घ्यावे.