बेगमी

पावसाळ्यापूर्वी बेगमी करायची, ही कोकणातल्या घरांची जुनी रीत. लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणी कोरड्या जागी ठेवायच्या, सोले, सांडगे, पापड, सुकी मासळी यांचे डबे भरून फळीवर चढवायचे. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि पावसाच्या तोंडावर तिचा बाजार भरतो. पुढे आभाळ फाटले, ओढ्याला पूर आला, वाट बंद झाली, तरी चूल विझता कामा नये, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यात एखादा नैतिक प्रश्न दडलेला आहे असे त्या घरांतल्या बायकांना वाटण्याचे कारण नव्हते. साऱ्या वाडीची बेगमी एकाच सुमारास होई, आणि कोणाच्या घरात काय उणे आहे हे सर्वांना ठाऊक असे.

थंड मुलखांत आज अशीच बेगमी मोटारीच्या डिकीत करतात. हिवाळा आला की जाणते लोक गाडीत घोंगडी ठेवतात, पाण्याच्या बाटल्या आणि सुका खाऊ ठेवतात. बर्फ उपसायला लहान फावडे, चाकाखाली टाकायला वाळू, विजेरी, फोन भारण्याची सोय आणि तांबडे-काळे चिमटे लावलेल्या जाड तारांची एक जोडी, असा तो सरंजाम असतो. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा आणखी एक नियम. हे सारे शहाणपणाचे आहे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाबद्दल. ही तयारी कोणासाठी? ज्याने ती केली नाही त्याचे, ज्याने केली त्याच्यावर काही देणे लागते काय?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ३ जानेवारी २०२२ रोजी हा प्रश्न अगदी रस्त्यावर येऊन उभा राहिला. वॉशिंग्टन आणि रिचमंड यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर आधी पाऊस पडला, त्यामुळे आगाऊ मीठ टाकणे फुकट गेले असते. मग बर्फ इतक्या वेगाने पडू लागला की मालमोटारी घसरून आडव्या झाल्या आणि फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास चाळीसएक मैलांचा रस्ता तुंबला. शेकडो गाड्या रात्रभर जागच्या जागी उभ्या राहिल्या. पारा गोठणबिंदूच्या बराच खाली उतरला. त्या राज्याचे सिनेटर टिम केन एरवी दोन तासांच्या वाटेवर निघाले होते. त्यांना २७ तास लागले.

अशा वेळी गाडी म्हणजे एक लहानसे घर होते, आणि त्या घराची चूल असते इंजिन. पेट्रोलच्या गाडीतली ऊब ही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून येते. जागच्या जागी चालणारे इंजिन तासाला साधारण एक-दोन लिटर पेट्रोल खाते. म्हणून जाणकार सांगतात की इंजिन सतत चालू ठेवू नका; तासाला दहाएक मिनिटे चालवा, तेवढ्या उबेवर घोंगडी पांघरून उरलेला वेळ काढा. इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतालचा बर्फ काढा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. नळी बर्फाने बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप येते, आणि ती झोप मोडत नाही.

बॅटरीची तऱ्हा आणखी वेगळी. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास गाडीची नेहमीची शिशाची बॅटरी आपल्या निम्म्याच ताकदीवर येते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला तिला अधिक जोर लागतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले मात्र गोठणबिंदूच्या खाली दहाएक अंशांतच गोठू लागते. म्हणजे ज्याच्यापाशी आहे ते टिकते आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे भांडेच फुटते. निसर्गाचा हा न्याय माणसाच्या न्यायाहून फारसा निराळा नाही.

त्या कोंडीनंतर वाद झडला तो भलताच. या साऱ्या गाड्या विजेवरच्या असत्या तर काय झाले असते? हिशेब मांडून पाहिला तर फार भिण्याजोगे काही दिसत नाही. ६० युनिटांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि गाडी उबदार ठेवायला तासाला दीड युनिट लागत असेल, तर ती ४० तास पुरावी. बॅटरी पाव भरलेली असेल तर दहाच तास. पेट्रोलच्या टाकीचेही तेच. निघताना कोणी किती भरून निघाला होता, हाच खरा मुद्दा होता.

परंतु त्या रात्रीच्या हकिकतींत लोकांच्या लक्षात राहिले ते निराळेच. फ्लोरिडातून परतणारे एक कुटुंब स्वतःच्या गच्च भरलेल्या गाडीतून उतरले आणि थांबलेल्या गाड्यांच्या रांगांतून फिरत संत्री वाटत गेले. केन यांनाही त्यांतले मिळाले. जवळच पावाने भरलेली एक मालमोटार अडकली होती. उपाशी प्रवाशांनी बेकरीला फोन करून विचारले, मालकांनी होकार दिला, आणि चालकाने व त्या प्रवाशांनी बर्फातून चालत गाडोगाडी पाव पोचवले. या कोंडीत कोणी दगावल्याची नोंद नाही. ते केवळ संत्र्यांमुळे आणि पावांमुळे, असे मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या काचेवर टकटक झाली आणि काच खाली केल्यावर हातात संत्रे पडले, त्याची उरलेली रात्र निराळी गेली असणार.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, टेक्सास राज्यात अभूतपूर्व थंडी पडली. विजेची मागणी वाढली आणि नेमक्या त्याच वेळी वायूच्या नळ्या व वीजकेंद्रे गोठून बंद पडू लागली. ४५ लाखांहून अधिक घरे आणि दुकाने-कचेऱ्या अंधारात गेल्या, काही तर दिवसचे दिवस. राज्याच्या गणतीप्रमाणे या संकटात २४६ माणसे गेली. बरीचशी थंडीने गेली. पण काही उबेने गेली. गारठलेल्या माणसांनी बंद गॅरेजात गाडी सुरू करून तिच्यात आसरा घेतला, कोणी कोळशाची शेगडी घरात पेटवली. दार लावलेले होते, म्हणून ऊब आत राहिली आणि विषही आतच राहिले.

त्याच दिवसांत त्या राज्यातल्या एका लहानशा गावाच्या महापौराने लोकांना जाहीरपणे सुनावले की तुमचे कोणी काही देणे लागत नाही. आपली सोय आपण पाहावी, सबळ तरतील आणि दुर्बळ जातील. गहजब झाला आणि तो पदावर राहिला नाही. पण त्याला नुसते दुष्ट ठरवून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच्या बोलण्यात आपल्या सर्वांच्या मनातला एक विचार उघडावाघडा झाला होता. उन्हाळाभर मी राबलो, मी साठवले. जो गात बसला त्याने पावसाळ्यात माझ्या दारात का यावे? मुंगीची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती हाच धडा द्यायला. आणि आळशाला प्रत्येक वेळी पोसत गेले तर पुढे बेगमी कोणी करणारच नाही, ही शंका अगदीच पोकळ नाही.

तरीही ती टेक्साससमोर टिकत नाही. भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने जनित्र कोठे ठेवायचे? ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईने लाकडे कोणाकडून फोडून घ्यायची? ज्याच्या पगारातून महिनाअखेर काही उरत नाही, त्याने टाकी अर्ध्यावर कशी राखायची? यापुढचीही गोष्ट आहे. त्या राज्यात २०११ च्या फेब्रुवारीतही अशीच वीज गेली होती, आणि थंडीसाठी यंत्रसामग्री सज्ज करा असे चौकशीअंती सांगितले गेले होते. ते पुरतेपणी झाले नाही. म्हणजे बेगमी करण्यात जे चुकले ते राज्य होते, समाज होता. भोगले ते मात्र एकेका घराने. समाजाने मिळून गाणे गायचे आणि पावसात मात्र एकेकट्या टोळाला जाब विचारायचा, हा कोठला न्याय?

त्याच दिवसांत त्याच राज्यात, ह्यूस्टन शहरात, जिम मॅकइंगवेल या फर्निचरच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानांची दारे उघडली. विक्रीच्या कोचांवर आणि गाद्यांवर गारठलेली कुटुंबे झोपली. २०१७ च्या महापुरातही त्याने हेच केले होते. त्याच्यापाशी छप्पर होते, गाद्या होत्या, म्हणून त्याला हे करता आले. रिकाम्या हाताच्या सज्जनाला नुसती हळहळ करता आली असती. इथे बेगमीची एक निराळीच बाजू मला दिसते. ती संकटात आपल्याला वाचवते हे खरेच. पण तीच आपल्याला देण्याच्या ऐपतीत ठेवते. ज्याला स्वतःचीच विवंचना आहे त्याला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते. ज्याची सोय झालेली आहे तो दुसऱ्याच्या दाराशी संत्रे घेऊन जाऊ शकतो.

मग किती द्यावे? महाभारताच्या आश्वमेधिकपर्वात मुंगसाची गोष्ट आहे. दुष्काळात शेतात पडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मणाच्या घरी कसेबसे शेरभर जव मिळतात. त्याचे सातू करून चौघांत वाटून घेतात, तोच दारात अतिथी येतो. ब्राह्मण आपला वाटा देतो. मग बायको, मुलगा, सून, एकामागून एक आपापला वाटा पुढे करतात. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे होते, आणि युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या यज्ञात उरलेले अर्धे काही होत नाही. गोष्ट थोर आहे. पण संसारी माणसाच्या उरात ती धडकी भरवते. बर्फात अडकलेल्या आईने लेकराच्या वाटणीचे पाणी परक्याला द्यावे, असे मी तरी सांगू धजणार नाही. मात्र त्या कथेत एक बारीक गोष्ट आहे. बायकोचा आणि सुनेचा वाटा घेताना तो ब्राह्मण कचरतो. ती देतात तेव्हा आपल्या इच्छेने देतात. स्वतःचे देण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याकडून वदवून घेतलेला त्याग हा त्याग नव्हे.

संसारी माणसासाठी म्हणून मी एक सोपी विभागणी करून पाहतो. काही वस्तू दिल्या की संपतात: पाणी, पाव, पेट्रोल. त्यांच्याबाबत हात आखडला तर त्याला दोष देताना आपण जपून बोलावे. पण काही गोष्टी दिल्याने संपत नाहीत. खोलीतली ऊब तशी आहे. बसल्या जागी माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता निघते, म्हणजे प्रत्येक माणूस हा जुन्या १०० वॅटच्या दिव्याएवढा तापत असतो. बंद पडलेल्या गाडीत एकटा कुडकुडणारा माणूस शेजारच्या गाडीत आला तर तिथली ऊब तो खात नाही, उलट वाढवतो. नळीपाशी बर्फ साचला आहे हे शेजाऱ्याला सांगितल्याने आपले काही घटत नाही. अशा बाबतीत दार बंद ठेवायला कोणतीही सबब उरत नाही. आणि संपणाऱ्या वस्तूंची बेगमी समाजाने मिळून करावी, म्हणजे आईवर तसा प्रसंगच येऊ नये. २०२२ च्या अखेरीस रशियाच्या माऱ्याने वीज गेली तेव्हा युक्रेनमध्ये गावोगाव सरकारी केंद्रे उघडली गेली. तिथे ऊब होती, पाणी होते, फोन भारायची सोय होती, आणि कोणी बेगमी केली होती की नव्हती असे दारात विचारले जात नव्हते.

आता डिकीतल्या त्या तारांच्या जोडीविषयी. घोंगडी एकट्याला उपयोगी पडते, पाणी एकट्याला पुरते, विजेरी एकट्यासाठीही पेटते. या तारा मात्र एकट्या गाडीला अगदी निरुपयोगी आहेत. आपली बॅटरी उतरली तर दुसरी गाडी शेजारी येऊन थांबेपर्यंत त्या नुसते ओझे असतात. आणि दुसऱ्याची उतरली असेल, तर आपण थांबलो तरच त्यांचे चीज होते. संकटासाठी जमवलेल्या साऱ्या सामानात ही एकच वस्तू अशी, की ती विकत घेतानाच आपण कोणावर तरी विश्वास टाकलेला असतो.

चिमटे नीट लावले की उतरलेल्या गाडीचे इंजिन घुरघुरते आणि सुरू होते. देणाऱ्या गाडीच्या बॅटरीतून थोडे जाते, पण तिचे इंजिन चालू असल्याने ते लवकरच भरूनही निघते. संध्याकाळी अंगणात पणतीवरून पणती लावताना आपल्याला यात नवे काही वाटणार नाही. हिवाळ्यात मात्र ज्यांना लांबच्या वाटेने जायचे आहे, त्यांनी टाकी भरून घ्यावी, घोंगडी घ्यावी, आणि त्या तारा घरी विसरू नयेत.