मियाँ मिठ्ठू आणि आपण

आमच्या घरांतून ज्याला ‘मियाँ मिठ्ठू’ म्हणतात, तो कंठवाला पोपट आज लंडनच्या बागांतून थव्यांनी उडतो. तिथल्या आजच्या वस्तीची पहिली वीण १९६९ साली केंट परगण्यात नोंदली गेली. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ते सोडले म्हणतात, पण ती दंतकथाच. पिंजऱ्यासाठी नेलेले पक्षी निसटले, काही कंटाळून सोडून दिले गेले, इतकेच. २०१५ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार युरोपातले हे पोपट मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचे.

हे वाचले की आमच्या मनात काहीतरी हलते. ‘बाहेरून आलेले’, ‘यांची संख्या वाढते आहे’ हे शब्द आम्ही ऐकत आलो आहोत. आणि आमच्या कित्येक पिढ्या तर याच मातीत दफन आहेत. साहजिकच आम्ही पोपटाची बाजू घेतो.

पण हाच पोपट हिंदी महासागरातील सेशेल्सच्या माहे बेटावरही असाच सुटून वाढला. शेजारच्या प्रास्लिन बेटावर तिथला काळा पोपट राहतो. जगात दुसरीकडे कुठेही त्याची वीण होत नाही. हिरवा तिथे पोचला तर ढोल्या बळकावील, रोग नेईल, या भीतीने माहेवरचे पाचशेहून अधिक हिरवे पोपट मारले गेले, बहुतेक बंदुकीने.

हा जुल्म होता काय? कुराणाने पक्ष्यांनाही आपल्यासारखीच उम्मत मानले आहे. पण काळा पोपटही उम्मतच! ज्याला पळायला दुसरे बेट नाही त्याचा हक आधी, असे आम्हाला नाइलाजाने वाटते.

मग मात्र ‘पोपट म्हणजे आम्हीच’ हे म्हणणे सोडले पाहिजे. आज ते रूपक गोड लागते. उद्या तेच उचलून कोणी माहेची बंदूक माणसांकडे वळवील. पोपटाला ढोली वाटून घेता येत नाही. माणसाला शेजार करता येतो, कायदा करता येतो, भांडून पुन्हा एका नळावर पाणी भरता येते.

आणि मेला तो पोपट. त्याला पिंजऱ्यात घालून समुद्रापार नेणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. तरी मोहल्ल्यात पिंजरे टांगलेले असतातच. त्याला मिरची द्यायची, ‘सलाम’ म्हणायला शिकवायचे, आणि वर सवाब मिळाला समजायचे! परवा अशाच एका ओट्यावर आम्ही बसलो होतो. ‘याला वनखात्याकडे देऊन टाका’ एवढे म्हणायलाही जीभ रेटली नाही. चहा पिऊन उठलो.